सड्यावरचा दरवाजा

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते इंदुमती खेडेकर बाईंचं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, म्हणजे पुढे लग्नांच्या गमतीजमती सांगताना ते राहून जाणार नाही. बाई आम्हाला आठवी ते दहावी मराठी शिकवायच्या. आता त्या चिपळूणला असतात, ऐंशीच्या घरात आहेत. हा दिवाळी अंक त्यांच्याकडे जाणार आहे, म्हणून शुद्धलेखन मी तीनदा तपासलं आहे.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीपर्यंत पोचलं नव्हतं. बाबा मच्छीमार बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोटीचे प्रमुख. आई मासळी विकायची. मीही दहावीनंतर बोटीवर जाणार हे ठरलेलंच होतं. अडचण एकच होती, आणि ती मी घरात कधी सांगितली नव्हती. मला बोट लागायची. तांडेलाचा मुलगा, आणि खाडी ओलांडतानासुद्धा पोटात ढवळायचं. शाळेच्या सहलीला आम्ही लाँचने पलीकडे गेलो, तेव्हा मी माझ्याच डब्यात ओकलो आणि झाकण लावून टाकलं. बाईंनी ते पाहिलं होतं.

दहावीचा निकाल लागला आणि आठवड्याभरात बाई छत्री घेऊन जेटीवर आल्या. बाबा जाळं शिवत बसले होते, मी सुईत दोरा भरून देत होतो.

"तांडेल, मुलाला नारळी पौर्णिमेपासून बोटीवर नेणार म्हणे?"

"व्हय बाई. आमच्यात समदेच जातात."

"त्याला बोट लागते."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चोरी करताना सापडलो आहे. "तांडेलाच्या पोराला बोट लागते?"

"लागते. मी डोळ्यांनी पाहिलंय. तो जाळं ओढेल की तुमच्या खलाशांच्या अंगावर ओकेल, ते तुम्ही ठरवा. नाहीतर मला द्या, मी कॉलेजात घालते."

बाबांनी जाळ्याचा दोरा दातांनी तोडला. मग हळूच म्हणाले, "घाला बाई. पन ह्या वाडीत कोनाला सांगू नुका."

अशा रीतीने, एक गोष्ट वाडीला कळू नये म्हणून मी बी.ए. झालो. बाबा आता नाहीत, म्हणून हे छापायला हरकत नाही.

बी.ए.नंतर नोकरी का मिळाली नाही, व्हिडिओ शूटिंगकडे कसा वळलो, हे सगळं गाळतो. ते सगळ्यांचं सारखंच असतं. मी रत्नागिरीत लग्नाचे व्हिडिओ काढतो, आधी कॅसेटवर काढायचो, मग सीडीवर, आता पेनड्राइव्हवर. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, यात शूटिंग निम्मंच असतं. उरलेलं निम्मं मिक्सिंग. म्हणजे काढलेल्या पाच तासांतून दोन तास निवडायचे, जोडायचे, गाणी घालायची, पाकळ्या उडवायच्या. आमचं मिक्सिंग रिझवान करतो. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, बोलायला तिखट, आणि ज्या लग्नात आपण गेलोच नाही त्या लग्नातले सगळे नातेवाईक तोंडपाठ असलेला माणूस. रस्त्यात कुणी दिसलं की म्हणतो, "ती बघ, शिरगावच्या नवऱ्याची मोठी मावशी. हिने तीनदा आइस्क्रीम घेतलेलं."

या धंद्याचे दोन नियम आहेत. पहिला, प्रत्येक पाहुणा दिसला पाहिजे. पावसच्या एका बागायतदारांच्या मुलीच्या लग्नानंतर त्यांचा फोन आला. "भाटकर, व्हिडिओ झकास. आंब्याची पेटीसुद्धा दिसते. पण आमच्या आतोबांचा पत्ता नाही. ते चार दिवस जेवले नाहीत." मी आणि रिझवानने सगळं शूटिंग उलटंपालटं करून पाहिलं. आतोबा होते, प्रत्येक ठिकाणी होते, पण खांबामागे. कुठे कोपर, कुठे टोपीचं टोक. शेवटी त्यांना स्टुडिओत बोलावलं. ते लग्नातलाच कोट घालून आले. मी त्यांना निळ्या पडद्यासमोर उभं केलं आणि म्हटलं, "टाका अक्षता." त्यांनी रिकाम्या हवेत अगदी मनापासून अक्षता टाकल्या. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. रिझवानने ते मंगलाष्टकांत जोडलं. भर मांडवात एकदम निळं आभाळ उघडतं, त्यात आतोबा आशीर्वाद देतात आणि आभाळ मिटतं. घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. प्रायोगिक चित्रपट म्हणतात तो आम्ही पहिल्यांदा बहुधा तेव्हाच केला.

दुसरा नियम, रडणं फक्त पाठवणीला. बाकी कुठेही कुणी उदास दिसता कामा नये. एका लग्नात जेवणं चालू असताना मी मांडवामागे गेलो, तर मुलीचे वडील उलट्या टोपावर बसले होते. मूठभर अक्षता त्यांच्या हातात राहिल्या होत्या, आणि ते त्या एकेक करून जमिनीवर टाकत होते. घाई नव्हती. मी ते मिनिटभर काढलं. सगळ्या आयुष्यात मी काढलेलं सर्वांत चांगलं मिनिट ते असेल. घरच्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "हे काढून टाका हो, बरं नाही दिसत." मी काढून टाकलं. त्या कॅसेटवर पुढच्या आठवड्यात बारसं घेतलं. अशी कितीतरी मिनिटं मी पुसली आहेत. वाईट वाटतं, पण गिऱ्हाइकाचंही चुकत नव्हतं. त्यांना लग्न हवं होतं, मला त्यामागचं काहीतरी दिसत होतं.

ते दिसायची सवय बाईंनी लावली. ऑफ तासाला बाई वर्गात आल्या की पुस्तक बाजूला ठेवायच्या आणि स्वतः लिहिलेल्या गोष्टी सांगायच्या. बाई तशा अतिशय हसऱ्या, पण गोष्टी एकाहून एक काळ्या. विहिरीत सावली पडते आणि परत वर येत नाही, अशा. आमच्या पाठीवर काटा यायचा. मी एकदा विचारलं होतं, "बाई, तुम्ही असं भीतीचं का लिहिता?" त्या म्हणाल्या, "मला काळोखाची फार भीती वाटते रे. वहीत ठेवला की तो खोलीत राहत नाही." त्यांनी एक गोष्ट एकदा कुठल्याशा मासिकाला पाठवली होती. ती परत आली. पुन्हा पाठवली नाही. गोष्टी वह्यांतच राहिल्या.

त्यांतली एक मी कधीच विसरलो नाही. एक माणूस पाठीवर दरवाजा घेऊन हिंडत असतो. घर नाही, फक्त चौकट आणि दरवाजा. माळावर कुठेही तो उभा करतो आणि ठोठावतो. पलीकडून आवाज येतो, "कोण?" माणूस स्वतःचं नाव सांगतो. आवाज म्हणतो, "ते आत आहेत." माणूस दरवाजा उचलतो आणि पुढे जातो. पुन्हा उभा करतो, पुन्हा तेच. चौथ्यांदा ठोठावायला त्याने हात उचलला, आणि शाळेची घंटा झाली. बाई उठून गेल्या. पुढचा ऑफ तास आलाच नाही, आमची परीक्षा आली. त्या गोष्टीचा शेवट आमच्या वर्गातल्या कुणालाच माहीत नाही. आम्ही मित्र अजून भेटलो की त्यावर भांडतो.

मग काही वर्षांपूर्वी चिपळूणला पूर आला. रत्नागिरीतून आम्ही काही जण टेम्पोतून पिण्याचं पाणी आणि खराटे घेऊन गेलो. बाई वरच्या मजल्यावर सुखरूप होत्या. खालच्या खोलीत मात्र छातीएवढा चिखल होता. तो उपसताना पत्र्याची ट्रंक निघाली. आत वह्या होत्या, सतरा-अठरा असतील. फुगून एकमेकींना चिकटलेल्या, त्यांतून शाईचं निळं पाणी गळत होतं. मी जिन्यात जाऊन विचारलं, "बाई, ह्या वह्यांचं काय करू?" बाईंनी वरूनच पाहिलं. "टाकून दे." मी म्हटलं, "वाळवून बघतो." त्या म्हणाल्या, "टाक रे. नाहीतरी कोण वाचणार होतं?"

आणि मी त्या माझ्या हातांनी रस्त्यावरच्या ढिगावर टाकल्या. तिथे गाद्या होत्या, फ्रीज होते, दुकानातल्या साड्या होत्या, त्यांवर वह्या. दोन महिन्यांनी एका बाइंडरशी बोलताना कळलं, की भिजलेल्या वह्या सावलीत ठेवून पानापानांमध्ये कागद घालत गेलं की बऱ्याच वाचतात. मी आयुष्यभर बाईंचं ऐकलं. त्या एका दिवशी ऐकायला नको होतं.

त्यानंतर बाई गोष्टींचं नावच काढेनात. मी गेलो की औषधं, हवापाणी, माझ्या मुलीचं लग्न. मी एकदा त्या दरवाजाच्या गोष्टीचा विषय काढला, तर म्हणाल्या, "सगळं वाहून गेलं रे दत्ताराम. आता मला काही आठवत नाही." असं म्हणताना त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. तेव्हा मी ठरवलं, की एक तरी गोष्ट त्यांना परत नेऊन द्यायची. वही मला लिहिता येणार नव्हती. मला एकच काम येतं.

रिझवानला सांगितलं तर तो म्हणाला, "काढू या. हीरोइन कोण?"

"हीरोइन नाही. एक म्हातारा आणि एक दार."

"गाणी?"

"नाहीत. आणि कृष्णधवल करायचंय."

रिझवानने संगणक बंद केला. "दत्ता, आख्खा जिल्हा माझ्याकडे कलर वाढवून मागतो. नवरी गोरी कर, आंबा पिवळा कर. आणि तू आहे तो कलर काढून टाकतोस? डॉक्टरकडे जाऊन आलास का?"

पण तो आला. म्हातारा म्हणून मिळाले नाना मयेकर, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. उंच, हाडकुळे, चेहऱ्यावर आयुष्यभर सुटे पैसे मागून आलेला एक कायमचा शोक. नाना नमनात, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, काम करायचे, त्यामुळे लोकांसमोर उभं राहायची लाज नव्हती. जागा निवडली पावसच्या पुढचा एक सडा. सडा म्हणजे आमच्याकडचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. शिमगा झाल्यावर तिथे गवताची काडी नसते, नुसता काळपट दगड आणि आभाळ. आणि दार दिलं सड्याखालच्या वाडीतल्या सरूआत्याने, तिच्या पडक्या गोठ्याचं. वाळवीने आतून खाल्लेलं, म्हणून हलकं. रंग उडालेला, फळ्या भेगाळलेल्या. पाहताक्षणी मला वाटलं, बाईंच्या गोष्टीतलं दार हेच.

दार चौकटीसह काढून अंगणात ठेवायला सांगून मी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरे घेऊन गेलो, तर अंगणात लालभडक दरवाजा उभा! ताज्या रेड ऑक्साइडने चोपडलेला. वर आंब्याचं तोरण, खाली रांगोळी.

"आत्या! हे काय केलंस?"

"काय केलंव म्हंजे? तुजा शूटिंग, नि दार तसाच भिकाऱ्यासारखा ठेवू? लोका काय म्हनतील, सरूच्या घरचा दार सालपटलेला?" ती पदराला हात पुसत होती. "रात्रभर वास सुटलाय घरात. सकाळी परत एक हात मारलाव."

नाना म्हणाले, "आत्ये, रंग ओला हाय."

"मग धक्का लावू नुको."

आता ज्याला पाठीवर दार वाहायचंय त्याला धक्का लावू नको म्हणणार! मी तिथेच चिऱ्यावर बसलो. पण रागवायचं कुणावर? तिने पाहुण्यांसाठी घर सजवावं तसं दार सजवलं होतं. तोरण काढताना मला चोरासारखं वाटलं.

सड्यावर दार उभं केलं. निघताना नानांनी हटून नारळ घेतला होता. कामाला हात लावण्याआधी गाऱ्हाणं घालायला हवं. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी, गाऱ्हाणं म्हणजे देवाला खणखणीत आवाजात घातलेलं साकडं, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी होकार भरायचा.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे. रिझवानचा आवाज सर्वांत मोठा.

"आज तुज्या सड्यावर ह्या लेकरांनी घर नसलेला दरवाजा उबा केला हाय, त्याचा कारन आमाला ठावक नाय, तू समजून घे रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यांच्या पिक्चरात रंग नाय, गाना नाय, बाईमानूस नाय, तरी बगनाऱ्याला झोप येनार नाय असा कर रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. मी कॅमेरा लावला, कृष्णधवलवर ठेवला, आणि डोळा लावून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग रिझवानला हाक मारली.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. रंग काढला की लाल लाल राहत नाही. नुसतं काढलं तर करडा होतो, आणि लाल वेगळा दाबता आला तर काळा. इतकी वर्षं आम्ही लाल शालू खुलवण्यात घालवली, तो दाबून कधी पाहिलाच नव्हता. रिझवानने एक रंगीत तुकडा लॅपटॉपवर घेऊन त्यातला लाल खाली ओढला, आणि सरूआत्याचा लालभडक दरवाजा हळूहळू काळा झाला. साधा काळा नाही. फळ्या दिसेनात, कडी दिसेना. पांढऱ्या आभाळाला कुणीतरी दरवाजाएवढं भोक पाडलं आहे असं दिसायला लागलं. जुन्या भेगाळलेल्या दारात ते कधीच आलं नसतं.

रिझवान हळू आवाजात म्हणाला, "दत्ता, भीती वाटते रे."

सरूआत्याने पदर डोळ्यांवर धरून पडद्यात वाकून पाहिलं. "माज्या दाराचा ह्या काय केलास मेल्या! दोन डबे रंग लावलाव मी!"

पलीकडचा आवाज तिचाच घ्यायचा ठरलं. तिला दारामागे बसवलं, माइक दिला, आणि दोनच वाक्यं पढवली. "कोण?" आणि "ते आत आहेत." स्वरात काही भाव नको, असं दहा वेळा सांगितलं. नानांनी दार पाठीवरून उतरवलं, उभं केलं, ठोठावलं.

"कोन?"

"मयेकर."

"ते आत हायत." थोडं थांबून आत्या म्हणाली, "बसा वायच."

"कट! आत्या, जरा बसा असं म्हणायचं नाही."

"बरा."

पुन्हा. "कोन?" "मयेकर." "ते आत हायत. बसा वायच, येतील."

"आत्या!"

"अरे पन मानूस उन्हातना आलाय! दारातना तसाच घालवू? आमच्यात नाय तसा करत."

सात वेळा घेतलं. सातही वेळा तिच्या तोंडातून ते गेलंच. शेवटी एक ठेवून दिलं, मिक्सिंगला कापू म्हणून. मिक्सिंगला बसलो आणि दोघांनीही कापायला हात लावला नाही. मोकळ्या सड्यावर ते काळं भोक उभं आहे, वारा घोंघावतो आहे, आणि आतून एक बाई अगदी आपुलकीने म्हणते आहे, की तुम्ही आधीच आत आहात, बसा वायच. इतकं भयंकर मला कधी सुचलं नसतं.

राहिला शेवट. माझ्याकडे पाच शेवट लिहून तयार होते. एकात दार उघडतं आणि आत नुसतं आभाळ. एकात दार पडतं. पाचही वाचून रिझवान म्हणाला होता, "सगळे चांगले आहेत. म्हणजे एकही बरोबर नाही." मला धास्ती त्याचीच होती. बाईंची गोष्ट परत द्यायची, आणि शेवट आपला चिकटवायचा, म्हणजे दुसऱ्याच्या पोराला आपलं नाव लावण्यासारखं. ते पाहून बाई दुखावल्या, तर जे काय थोडं बोलणं उरलं आहे तेही थांबायचं.

दुपारी उशिरा चौथं ठोठावणं घेत होतो. सरूआत्या दारामागे, आणि तिची पांढरी बकरी तिच्या पाठोपाठ दारामागे. ती बकरी आत्याला सोडून कुठे राहत नसे. नानांनी हात उचलला. ठोठावण्याच्या आधीच दार आतून ढकललं गेलं, आणि बकरी बाहेर आली. उंबऱ्यावर थांबली. नानांकडे पाहिलं.

आणि नाना बाजूला झाले. अगदी अदबीने, एक पाऊल मागे, डावा हात आडवा धरून. एसटीच्या दारात आयुष्य काढलेला माणूस, उतरणारा आधी उतरू द्यायचा हे त्यांच्या हाडात होतं. बकरी उतरली. नानांनी एकदा इकडेतिकडे पाहिलं, आणखी कुणी उतरणार आहे का म्हणून. मग चढले, आत गेले, आणि दार ओढून घेतलं.

सड्यावर नुसतं दार. बकरी निघून चाललेली. मी श्वास धरून कॅमेरा चालू ठेवला. मग दारामागून "आगो आयेऽऽ" असा आवाज आला, कारण नाना आत्याच्या पायावर पडले होते. तेवढं कापलं.

एकूण अकरा मिनिटांचा चित्रपट झाला. पुण्याकडच्या एका स्पर्धेत पाठवला. उत्तेजनार्थ मिळालं. परीक्षकांनी लेखी अभिप्राय दिला, की दृश्यागणिक नायकाचे हात अधिकाधिक काळे होत जातात, हे त्याच्या अपराधीपणाचं प्रतीक फार प्रभावी आहे. नानांनी तो कागद घरी काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, वाचून दाखवला. काकू म्हणाल्या, "अपराध व्हयच. नवा पांढरा सदरा होता तो. अजून रंग जात नाय."

बक्षिसाचं ठीक होतं. मला परीक्षक एकच होता. मी तीन आठवडे चिपळूणला जायचं टाळलं. शेवटी रिझवानच पेनड्राइव्ह खिशात घालून म्हणाला, "चल, मी गाडी चालवतो. तुला गाडी लागते का तेही बघू."

बाईंच्या पुढच्या खोलीत टीव्हीवर लावला. बाई खुर्ची ओढून अगदी जवळ बसल्या. पहिल्या दृश्यात नाना दार पाठीवर घेऊन सड्यावरून येताना दिसले, आणि बाईंनी खुर्चीचा हात धरला. "बसा वायच"ला एकदम हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. शेवट झाला. पडदा काळा झाला. मी त्यांच्याकडे बघायचं धाडस न करता टीव्हीच्या खालच्या टेबलाकडे बघत होतो.

"पुन्हा लाव," बाई म्हणाल्या.

पुन्हा लावला. या वेळी बकरी आली तेव्हा त्या पुढे वाकल्या.

मी म्हटलं, "बाई, माफ करा. शेवट आमचा आहे. तेव्हा घंटा झाली, तुमचा शेवट आम्हाला कळलाच नाही. खरा काय होता तो सांगा, आम्ही पुन्हा काढू."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "दत्ताराम, खरा शेवट मला कधी सुचलाच नव्हता. दोन वर्षं अडकले होते मी तिथे. त्या दिवशी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बघत सांगत होते, की चौथं ठोठावणं बरोबर घंटेला आलं पाहिजे. आलं. वाचले मी."

मग रिझवानने विचारलं, "म्हणजे बाकीच्या गोष्टींचंही तसंच?"

"निम्म्यांचं," बाई म्हणाल्या. "म्हणून तर परत कुणाला पाठवल्या नाहीत." मग जरा वेळाने, "बकरी छान आहे हो. बकरी मला सुचली नसती."

निघताना मी म्हटलं, की बाई, बाकीच्या गोष्टी सांगा, मी आवाज भरून घेतो. त्या नको म्हणाल्या. आता बोलता बोलता मध्येच धागा सुटतो, पुढचं आठवत नाही, विद्यार्थ्यासमोर असं अडकायला लाज वाटते, म्हणाल्या. दारापर्यंत आल्या, पण हो म्हणाल्या नाहीत.

घरी येऊन मी पत्र लिहिलं. फोनवर मला ते बोलता आलं नसतं. पत्र पोचल्यानंतरच्या रविवारी गेलो, तर बाईंनी खिडकीपाशी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या, आणि मधल्या स्टुलावर देवघरातली घंटा आणून ठेवली होती. ती का, ते पत्रावरून कळेल. पत्र असं होतं:

रत्नागिरी

तीर्थस्वरूप बाईंस,
दत्तारामचा साष्टांग नमस्कार.

पत्रलेखनाच्या प्रश्नाला तुम्ही मला पाचपैकी साडेतीन दिले होते, मायना चुकला होता म्हणून. आज तो बरोबर असावा.

पुराच्या दिवशी तुमच्या वह्या मी टाकल्या. तुम्ही सांगितलं म्हणून टाकल्या, पण हात माझे होते. हे तोंडाने सांगायला मला इतकी वर्षं जमलं नाही. चित्रपट काढला तो त्यासाठी. तो पाहून तुम्ही हसलात, म्हणून आता लिहितो आहे.

तुम्ही जेटीवर आला नसतात तर मी आज बोटीवर असतो, आणि खलाशी मला कंटाळून गेले असते. त्या दिवशी तुम्ही बाबांना म्हणालात, मुलाला मला द्या. तसंच आज मी मागतो आहे. गोष्टी मला द्या.

रविवारी चारला येतो. बरोबर आवाज भरून घ्यायचं छोटं यंत्र आणतो, ते पाण्यात बुडालं तरी आवाजाची नक्कल माझ्याकडे आणि रिझवानकडे राहील. विहिरीतल्या सावलीपासून सुरुवात करू. चुकलात तर चुकलात. निम्म्या गोष्टींना शेवट नव्हता, तरी आम्ही वर्गात तेवढेच घाबरलो होतो.

प्रकृतीस जपावे.

आपला विद्यार्थी,
दत्ताराम भाटकर

ता. क. शेवट आठवला नाही, किंवा मुळात नसलाच, तरी थांबू नका. तुम्ही माझ्याकडे नुसतं बघा. घंटा मी देईन.